कापसाच्या गाठींचा ट्रक विमानाला आडवा आला तेव्हा



वणीच्या एका बॅचमध्ये मी पहिल्याच दिवशी एक विमान अपघात आणि एक खाण दुर्घटना सांगितली. तासाभरानंतर मागच्या रांगेतल्या एका ताईंनी हात वर केला. "सर, मला मसाल्याचा धंदा टाकायचाय. हे विमान न् खाण मले कायले?" सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता, आणि त्या दिवशी माझ्याकडून उत्तर नीट दिलं गेलं नाही. व्हिडिओतही वेळ कमी पडतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी विमानाचं सांगतो, कारण त्यात आपला कापूस आहे.

सीझनमध्ये यवतमाळ, वणी, पांढरकवडा, कुठल्याही रस्त्यावर निघा. जिनिंग-प्रेसिंगमधून भरून निघालेला गाठींचा ट्रक तुमच्या पुढे असतोच. एक गाठ साधारण १७० किलोची. दाबून, पट्ट्या मारून बांधलेली. ट्रकच्या फाळक्याच्या वरपर्यंत थर लावलेले, दोरखंड आवळलेले. आपण त्याच्या मागे अडकतो, हॉर्न मारतो, शिव्या घालतो आणि ओव्हरटेक करून निघून जातो.

२६ एप्रिल १९९३ ला असाच एक गाठींचा ट्रक औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विमानतळाजवळच्या बीड रस्त्यावरून चालला होता. त्याच वेळी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला जायला निघालं. फ्लाइट नंबर ४९१. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं विमान, आत ११८ माणसं. विमान धावपट्टीवर धावलं, उचललं गेलं, पण जितकं वर जायला पाहिजे तितकं गेलं नाही. धावपट्टी संपल्यावर सुमारे ४१० फुटांवर तो रस्ता. विमानाचं डाव्या बाजूचं चाक आणि डावं इंजिन ट्रकला धडकलं, रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर. सात फूट म्हणजे आपल्या दुकानाच्या शटरइतकं. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकलं आणि जमिनीवर कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणं निघाली. पहिलं पायलटचं. ठरावीक वेग आला की पायलट विमानाचं नाक वर उचलतो, त्याला रोटेशन म्हणतात. ते उशिरा केलं आणि चुकीच्या पद्धतीने केलं. दुसरं कारण असं, की विमान सुटायच्या-उतरायच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित ठेवायला पाहिजे होती, ते काम राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडून झालं नाही.

पेपरात पहिलं कारण जास्त गाजतं. मला दुसऱ्यानं धरून ठेवलं.

बघा ना, ट्रक ड्रायव्हरची काय चूक? तो त्याच्या रस्त्यावर होता. रस्ता सार्वजनिक, माल बांधलेला. त्याच्या दृष्टीने विमानतळ म्हणजे कुंपणापलीकडची मोठ्या लोकांची गोष्ट. विमानतळाच्या दृष्टीने धावपट्टी कुंपणाच्या आत, रस्ता कुंपणाच्या बाहेर. आता आपल्याकडचं रेल्वे फाटक आठवा. तिथेही रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदतात. पण तिथे एक माणूस बसलेला असतो, त्याच्या हातात दांडा असतो, आणि गाडी यायची वेळ झाली की आमदाराची गाडी असली तरी थांबते. ती जागा कोणाची, हे ठरलेलं आहे. बीड रस्त्याच्या त्या तुकड्यावर, त्या मिनिटाला, फाटक पाडणारं कोणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अपघात बहुतेक वेळा शिवणीवर होतो. कापड मजबूत असतं. दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे उसवतं. दोन माणसांच्या, दोन खात्यांच्या, दोन दुकानांच्या जबाबदारीच्या मधली जी पट्टी असते ना, जिच्याबद्दल दोघंही म्हणतात "ते आपलं काम नाही", तिथे बघा.

आता खाणीकडे येऊ. वणी भागातल्या वाचकांना खाण समजावून सांगायची गरज नाही. उकणी, जुनाड, घोणसा ही नावं घराघरात आहेत. उघड्या खाणी आपण रस्त्यावरून बघतो. राजूरसारख्या ठिकाणी मात्र माणूस जमिनीच्या पोटात उतरून काम करत आलाय. आपल्या चॅनलचे कितीतरी लोक खाणीच्या जिवावर धंदा करतात, कोणी टायर रिमोल्डिंग, कोणी डबे, कोणी सेफ्टी शूज.

जी दुसरी तारीख मी बोर्डवर लिहितो ती आहे १० डिसेंबर १९५४. जागा न्यूटन चिखली, परासियाजवळ, छिंदवाडा जिल्हा. आज आपण म्हणतो ते मध्य प्रदेश. पण १९५४ साली यवतमाळही मध्य प्रदेशातच होतं आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे ही आपल्याच राज्यातली दुर्घटना. भूमिगत कोळसा खाणीत पाणी शिरलं आणि ६३ कामगार गेले.

आपल्याला वाटतं, खाणीत माणूस मरतो तो छत कोसळून किंवा गॅसच्या स्फोटाने. तसंही होतंच. पण पाण्याचा धोका वेगळाच आहे, कारण तो दिसत नाही. जुनी खाण बंद होते, लोक निघून जातात, पंप थांबतात. मग पावसाचं, झऱ्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्या रिकाम्या बोगद्यांत साचत राहतं. वर शेत असतं, गुरं चरत असतात. कोणाला कल्पनाही नसते की खाली एक धरण भरलंय. आणि शेजारी नवी खाण कोळसा काढत काढत त्या धरणाच्या भिंतीकडे सरकत असते. मधली भिंत कोळशाचीच. ती किती जाड उरलीये हे फक्त नकाशा सांगू शकतो, आणि नकाशा जुन्या मालकाने काढलेला असतो.

म्हणजे पुन्हा तेच. जुनी खाण ज्याची होती तो गेला. नवी ज्याची आहे तो आपल्या हद्दीत आहे. मधली भिंत कोणाची?

यावर कायद्याने दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते अगदी दुकानदारासारखं आहे. १९५७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये नियम आला, की जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत गेलात की मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. परवानगी मिळाली तरी सरळ खोदत सुटायचं नाही. आधी पुढे आणि बाजूला छिद्रं पाडायची. छिद्रातून पाणी आलं तर हाताच्या अंगठ्याएवढी धार येईल, अख्खं धरण येणार नाही. नकाशावर विश्वास ठेवा, पण पुढे छिद्र पाडून बघा. उधारीवर माल देताना आपण काय करतो? पार्टी चांगली आहे असं चार जण सांगतात, तरी पहिल्यांदा पाच हजाराचाच माल देतो. तेच ते छिद्र.

नियम आला म्हणून सगळं सुरळीत झालं का? नाही. नियम येऊन अठरा वर्षं झाल्यावर, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळ चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामांत साठलेलं पाणी फुटून खाली आलं. ३७५ माणसं. देशातल्या सगळ्यात मोठ्या खाण दुर्घटनांपैकी ही एक. 'काला पत्थर' सिनेमा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, तो या घटनेवरून सुचलेला. खटल्याचा निकाल लागायला २०१२ साल उजाडलं. ३६ वर्षं. जे मुलगे तेव्हा शाळेत होते ते निकालापर्यंत स्वतः आजोबा व्हायला आले असतील.

आणि १९८९ मध्ये पश्चिम बंगालमध्ये, राणीगंजच्या महाबीर खाणीत, पुन्हा पाणी. तिथे ६ जण बुडाले, पण अडकलेल्या ६५ जणांना वर काढलं. जसवंतसिंग गिल नावाच्या इंजिनिअरने जमिनीवरून नवीन भोक पाडून त्यातून माणूस मावेल अशी लोखंडी कॅप्सूल खाली सोडली. आत पहिल्यांदा स्वतः उतरले आणि सगळे वर आल्यावर शेवटी स्वतः आले. २०२३ ला 'मिशन रानीगंज' आला तो यावरच. बॅचमध्ये ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. मला टाळ्यांचा थोडा त्रास होतो, खरं सांगायचं तर. गिल साहेबांचं धाडस मोठंच. पण आपण वाचवणाऱ्यावर सिनेमा काढतो. ज्या मॅनेजरने ६० मीटरवर काम थांबवलं, छिद्र पाडलं, पाणी बघितलं आणि गुपचूप दिशा बदलली, त्याच्यावर सिनेमा निघत नाही. कारण तिथे काही घडलंच नाही.

मी हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण माझ्याच दुकानात आहे.

माझं इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान यवतमाळला एका कॉम्प्लेक्समध्ये आहे. खाली बारा गाळे. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर एका भिंतीवर. दिवाळीच्या आधी माल येतो, जागा पुरत नाही, आणि जिन्याखालची जागा रिकामीच असते. कोणीतरी दोन खोकी ठेवली, मग दुसऱ्याने चार ठेवली. आठवड्यात मीटर दिसेनासे झाले. तेव्हा आमच्याकडे घाटंजीकडचा एक पोरगा कामाला होता, एकोणीस वर्षांचा. सीझनमध्ये रात्री उशीर व्हायचा, गावी जायला गाडी मिळायची नाही, म्हणून तो दुकानातच झोपायचा. आणि मी, मित्रांनो, शटर बाहेरून कुलूप लावून घरी जायचो. चोरी होऊ नये म्हणून. त्याच्याच सुरक्षेसाठी, असं मी स्वतःला सांगायचो.

त्या रात्री सव्वा एकला मीटरबोर्डवर स्पार्क झाला. खोकी पेटली. समोरच्या चहावाल्याला झोप लागत नव्हती म्हणून तो बाहेर बसला होता. त्याला धूर दिसला आणि आतून शटर बडवल्याचा आवाज आला. त्याने मला फोन केला, "भाऊ, चावी घेऊन या, पोरगं आत आहे." मी बनियनवर गाडी काढली. माझं घर लांब नाही, पण एवढा लांब रस्ता मी आयुष्यात चाललो नाही. पोचलो तेव्हा लोकांनी बादल्या आणि रेती टाकून जिन्याखालची आग आवाक्यात आणली होती. शटर उघडलं. पोरगा जमिनीला तोंड लावून पडला होता, शटरच्या खालच्या फटीतून हवा घेत. खोकत बाहेर आला. दोन दिवस दवाखान्यात राहिला आणि बरा झाला.

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "खोकी कोणी ठेवली बे?"

जमलेल्या प्रत्येकाने सांगितलं, आम्ही नाही. सकाळी जळकी पुठ्ठी उचलली तेव्हा त्यातल्या निम्म्यांवर माझ्या सप्लायरचं नाव होतं. मी एमसीबी विकतो. गिऱ्हाइकाला अर्थिंगचं लेक्चर देतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नंतर आम्ही बारा गाळेवाले बसलो. मीटर कोणाचे? वीजवाल्यांचे. मीटरनंतरची वायर? ज्याच्या त्याच्या. भिंत? मालकाची. जिन्याखालची जागा? कॉम्प्लेक्सची. कॉम्प्लेक्स म्हणजे कोण? इथे सगळे गप्प. बीड रस्त्याचा तो तुकडा आमच्या जिन्याखालीच होता.

बीबीएला आम्हाला रिस्क मॅनेजमेंट होतं. पेपरात चांगले मार्कही मिळाले. पण तो धडा विम्याच्या हप्त्यापाशी संपायचा. विमान कंपन्या काय करतात हे तिथे शिकवलं असतं तर बरं झालं असतं. विमान अपघाताच्या चौकशीचा जागतिक नियम आहे, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा अनेक्स १३. त्यात स्पष्ट लिहिलंय, की चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाच्या माथी मारायचा हा नाही. कोर्टाचं काम कोर्ट करेल, ते वेगळं. ही काही फार साधुसंतांची भूमिका नाही, त्यामागे धंद्याचा हिशोब आहे. "कोणी केलं?" विचारलं की माणसं लपवतात. "कसं झालं?" विचारलं की बोलतात. मी त्या पोराला आठ दिवसांनी "कसं झालं" विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, बोर्डातून आवाज तर चार दिवसांपासून येत होता." मग सांगितलं का नाहीस? "तुम्ही गिऱ्हाइकात होते. आणि ते बोर्ड आपलं थोडीच आहे."

चार दिवस छिद्रातून पाणी येत होतं, आणि ते ऐकायला मी जागेवर नव्हतो.

आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट याहून फार मोठ्या प्रमाणात भोगलीये. २०१७ चा खरीप. कपाशी छातीच्या वर गेलेली, फवारणी जोरात, आणि शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा. जिल्ह्यात २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. तिथे शिवणी किती होत्या मोजा. बनवणारा म्हणणार, डब्यावर लाल त्रिकोण आहे, माहितीपत्रक आहे. कृषी केंद्रवाला म्हणणार, मी परवान्याचा माल विकला. शेतकरी म्हणणार, दुकानदाराने सांगितलं ते मिसळलं. आणि पाठीवर पंप घेऊन तासांमध्ये शिरणारा मजूर, त्याच्या हातात तर पत्रक कधी गेलंच नाही. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतलं काम केलं असं समजू. विष मधून गेलं.

बॅचमध्ये कृषी केंद्र टाकायचं म्हणणारे दोन-तीन तरी असतात. त्यांना मी सांगतो, लायसन्स, एमआरपी, मार्जिन हे सगळं शिका, पण काउंटरवरून डबा सरकवताना एक प्रश्न विचारा: "फवारणार कोण?" समोरचा म्हणाला गडी फवारतो, तर गड्यासाठी हातमोजे आणि मास्क त्याच पिशवीत टाका, आणि बोलून सांगा. विक्रीही वाढते, ते वेगळं.

मसाल्यावाल्या ताईंचं उत्तर आता देतो. ताई, तुमची मिरची कांडायची मशीन भाड्याच्या खोलीत असेल. वायरिंग घरमालकाचं, मशीन तुमची, कामाला शेजारची बाई, तिची ओढणी किंवा पदर तिचा. मशीनच्या पट्ट्यावर जाळी लावायची कोणी? मशीनवाला म्हणेल जाळी एक्स्ट्रा आहे. घरमालकाला माहीतच नाही. ती बाई तुम्हाला विचारणार नाही, कारण तिला काम पाहिजे. म्हणून विमान न् खाण.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, फार मोठं काही नाही. दोनशे पानी वही आहे. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी एक चक्कर मारतो, आत नाही, हद्दीवरून. शटर, जिना, मीटर, गच्चीवरची टाकी, मागची गल्ली, शेजाऱ्याची आणि माझी मधली भिंत. वहीत दोन रकाने: काय दिसलं, आणि कोणाचं. दुसऱ्या रकान्यात "कोणाचंच नाही" असं लिहावं लागलं, तर त्याच दिवशी ते माझं झालं. खर्च माझा होतो कधी कधी, भांडणही होतं. मीटरच्या खोलीसमोर जाळीचं दार बसवलं तेव्हा बारापैकी सात जणांनीच पैसे दिले. पाच जणांचे मी अजून मागतोय. दुकानात आता रात्री कोणी झोपत नाही. शटरची एक चावी चहावाल्याकडे असते, आणि कामावरच्या कोणीही "आवाज येतोय", "वास येतोय", "गरम लागतंय" असं सांगितलं की गिऱ्हाईक उभं असलं तरी मी आधी तिकडे जातो. एकदा तर नुसताच पंख्याचा आवाज होता. गिऱ्हाईक निघून गेलं. जाऊ दे.

तो पोरगा आता घाटंजीला मोटर रिवाइंडिंग करतो. मागच्या महिन्यात त्याच्या दुकानावर गेलो होतो. दोन शटर ठेवलीत, एक पुढे, एक मागे. जागा अरुंद आहे, मागच्या शटरमुळे एक रॅक कमी बसलाय. मी काही विचारलं नाही.

आणि गेल्या सोमवारी चक्कर मारताना आमच्या जाळीच्या दारासमोर पाच खोकी दिसली. वरचं बिल वाचलं. माल माझाच होता.